एका अंगठ्याला दीड तास

त्र्यंबकराव पेशकार एका अंगठ्याला दीड तास लावीत. ही अतिशयोक्ती नव्हे. अतिशयोक्ती मला येते; नगरच्या छापखान्यात दोन वर्षं पत्रकं लिहून ती मी कमावली आहे. पण या माणसाबद्दल लिहिताना तिची गरजच पडत नाही.

आधी भानगड काय होती ते सांगतो. हैदराबाद संस्थानातल्या आमच्या नेकनूरच्या सरकारी शाळेत पोरांना पहिल्या दिवसापासून उर्दूत शिकवीत. घरी मराठी, रानात मराठी, भांडणंसुद्धा मराठीत. आणि शाळेच्या उंबऱ्यात पाय पडला की पोर मुकं. आमची मागणी एवढीच होती की पहिले चार वर्ग मराठीत चालवा, उर्दू त्यापुढं शिकवा. आता यासाठी सभा घ्यावी, तर परवानगी लागे, आणि परवानगीला अर्ज लागे. म्हणजे कुठूनही निघालं तरी माणूस अर्जापाशीच येऊन पोचे. तीन आठवड्यांनी बीडचे अव्वल तालुकदार नेकनूरला दौऱ्यावर येणार होते. इंग्रजी मुलखातल्या वाचकांनी त्यांना कलेक्टर समजावं. त्यांच्या हातात अर्ज पडला तर पडला. पुढचा दौरा कधी, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसे.

अर्ज उर्दूतच द्यावा लागे, आणि तशी देखणी उर्दू लिहिणारा गावात एकच माणूस. त्र्यंबकराव बावीस वर्षं तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवायचा, वाचून दाखवायचा, आणि रयतेचा अंगठा घ्यायचा. आता घरी बसलेले. अंगात गुडघ्यापर्यंतची विटलेली शेरवानी, डोक्याला रुमाल, कानावर बोरू. मी माझा मराठी मसुदा त्यांच्यापुढं ठेवला. रात्रीचा दिवस करून लिहिलेला. पहिलंच वाक्य होतं, 'हे मदांध सत्ते, तुझ्या बहिऱ्या कानांवर आज रयतेच्या आक्रोशाचा घण पडत आहे!'

त्र्यंबकरावांनी ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे कुठल्या खात्याकडं पाठवायचं बे?"

मी म्हटलं, "शिक्षण खात्याकडं."

"मग यात शाळा कुठं हाय?"

शाळा तिसऱ्या पानावर होती. त्यांनी पहिली दोन पानं बाजूला ठेवली आणि तिसऱ्या पानावरची विशेषणं एकेक करून उडवली. 'अमानुष' गेलं, 'निर्घृण' गेलं, 'पाशवी' तर दोनदा गेलं. उरल्या सात ओळी. त्यांच्या डोक्यावर 'बाद आदाब गुजारिश' वगैरे मखमल चढवून त्यांनी अर्धा ताव भरला आणि म्हणाले, "झाला अर्ज. आता अंगठे."

अंगठ्याचं काम मी दोन दिवसांचं धरलं होतं. गाव केवढं, माणसं ओळखीची, शाईची डबी माझ्या हातात. पण त्र्यंबकरावांचा नेम असा की अर्ज आधी उर्दूत पूर्ण वाचायचा, मग मराठीत पूर्ण सांगायचा, आणि मग समोरच्याला विचारायचं, "समजलं? मग सांग, काय समजलं."

लोक इथंच अडकत. 'समजलं' म्हणायला कुणाचं काय जातं? पण 'काय समजलं' म्हटल्यावर चांगले चांगले डोकं खाजवायला लागत. आणि ज्याला सांगता आलं नाही त्याचा अंगठा त्र्यंबकराव घेत नसत. परत पहिल्यापासून. उर्दूतसुद्धा. मी एकदा कळवळून म्हटलं, "काका, अहो उर्दू त्याला कळत नाही म्हणून तर आपण अर्ज करतोय!"

"कागद ज्या भाषेत हाय त्या भाषेत त्याच्या कानावर गेला पायजे," ते म्हणाले. "नंतर म्हनायला नको, लिहिलं एक आन् सांगितलं एक."

मारुती कदम विहिरीवर मोट हाकत होता. थांबायला तयार नाही. पाण्याची पाळी त्याची. मी म्हटलं, उद्या येऊ. त्र्यंबकराव म्हणाले, काहून? आणि शेरवानी सावरून बैलांच्या बरोबरीनं धावेवर चालायला लागले. बैल उतरले की हे वाचत उतरत. बैल मागं सरत वर आले की हेही वर येत. मोटेचं पाणी थारोळ्यात धो धो पडायला लागलं की वाचन बंद. अशा सात-आठ खेपा झाल्यावर मारुतीला विचारलं, काय समजलं?

"उर्दू वाईट हाय, ती काढून टाका, असं."

"न्हाई!" त्र्यंबकराव बैलांवर ओरडल्यासारखे ओरडले. "उर्दूला कोन वाईट म्हनला? वाईट आसती तर मी जन्मभर लिहिली आसती का? परत ऐक."

परत धाव. परत थारोळं. तिसऱ्या वेळेला मारुतीनं बैल उभे केले आणि म्हणाला, "आसं हाय व्हय. मंजी आदी पोराला आपल्या बोलीत धरायचं, मग तिकडं न्यायचं. वासराला आदी मोकळं जू घालतात तसं."

"घे अंगठा," त्र्यंबकराव मला म्हणाले. दिवस मावळायला आला होता. अंगठा एक.

हेही मी सहन केलं असतं. पण पाटलाकडं काय झालं ते ऐका. पाटलाचा अंगठा म्हणजे त्याच्यामागं अर्धी आळी. पाटील लोडाला टेकून मोठ्या मनानं म्हणाला, "तुमी म्हनता, तर देतो की अंगठा. वाचायचं कशाला?"

त्र्यंबकरावांनी कागदाची घडी घातली. "मी म्हनतो म्हून देनार आसाल तर नको."

पाटलाचा आ तसाच राहिला. "लोक माझा अंगठा मागायला येतात, पेशकार!"

"येत आसतील. समजलं की बोलवा. येतो."

आणि निघाले! मी पाटलाचे पाय धरायचे तेवढे ठेवले. मागून पाटील म्हणत होता, "ह्याला कचेरीतून काढला, का ह्योच गेला हो?"

आणि मग गिरजामाय. गिरजामाय म्हणजे ओढ्यापलीकडच्या माळावर राहणारी धनगराची म्हातारी. पाच-सात शेळ्या, एक खोप. तिच्याकडं जायचं म्हणजे भर उन्हात कोसभर चाल. पहिल्या दिवशी त्र्यंबकरावांनी दोन्ही भाषांत वाचलं. म्हातारी अगदी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "न्हाई कळालं बया. पर आता उन्हाचं कुटं जाता पेशकारदादा, भाकर खा." भाकर, ठेचा, शेळीचं दूध. दुसऱ्या दिवशी परत वाचलं. "जरा जरा कळालं. उद्या या." तिसऱ्या दिवशी, "काल काय कळालतं त्येच इसरले बगा. आदी जेवा." मी खोपीच्या सावलीत माशा हाकत बसलेला. या माणसाला म्हातारीचा राग येईना! एक-एक घास सावकाश चावून खात, हात धुवत, आणि म्हणत, "बरं, उद्या."

चौथ्या दिवशी मी उघड भांडलो. "काका, दौरा पाच दिवसांवर आला. अंगठे झालेत तीस! एकट्या म्हातारीपायी चार दिवस! देश असे अर्ज करून जागा होणार नाही."

"देश जागा करायला तू हायस की," ते म्हणाले. "मी गिरजाबाईकडं चाललो."

तेव्हा मी माझ्या वाटेनं गेलो. बाजाराच्या दिवशी कोरे ताव घेतले, परवानगीला फाटा देऊन गाडीवर उभा राहिलो आणि असं भाषण केलं की कोंबड्या विकणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. एका दुपारात सव्वाशे अंगठे! संध्याकाळी ते ताव मी त्र्यंबकरावांपुढं आपटले.

"वाचून दाखवलंस?"

"भाषण केलं."

"समजलं का त्यांना?"

"टाळ्या वाजवल्या."

त्यांनी ताव परत माझ्याकडं सरकवले. पण अर्ज शिवायचं काम माझ्याकडं होतं. मी बाजाराचे ताव वरून लावले आणि गिरजामायचा धरून त्यांचे एकतीस अंगठे खाली घातले. वाचकहो, मी हे लपवत नाही. मला तेव्हा ते शहाणपण वाटलं होतं.

दौऱ्याचा तंबू गावाबाहेर चिंचेखाली पडला. अर्ज पुढं गेला, अंगठे देणाऱ्यांना बोलावणं गेलं, आणि तेव्हा मला कळलं की तस्दीक नावाचा प्रकार असतो. साहेबापुढं सरिश्तेदार, म्हणजे कचेरीतला बडा कारकून, अर्जातली नावं पुकारतो. माणूस उभा राहतो. त्याला विचारतात, अंगठा तुझा का, आणि कागदात आहे काय. दोन-तीन माणसं गप्प राहिली की कागद दाखल-दफ्तर, म्हणजे जुन्या बस्त्यात बांधून कायमचा झोपला.

पहिलं नाव पुकारलं. बाजारातला एक तेली.

"अंगठा तुझा?"

"व्हय सायब."

"कागदात काय आहे?"

तेल्यानं इकडं तिकडं बघितलं. "बाजारपट्टी माफ होनार, आसं हाय न्हवं?"

दुसरा म्हणाला, शाळेला नवीन कौलं पायजेत. तिसरा सरळ माणूस होता. म्हणाला, "रांग व्हती, म्हून उबा ऱ्हायलतो."

तंबूत हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज बंद केला आणि सरिश्तेदाराकडं सरकवला.  चार वर्ग, सात ओळी, सगळं त्या बस्त्यात जाताना दिसत होतं, आणि माझ्या दोन वर्षांच्या पत्रकांतलं एक वाक्य माझ्या मदतीला येईना.

त्र्यंबकराव उठले. लवून आदाब केला. "हुजूर, खालचे ताव माझ्या हातचे हायेत. त्यातलं एक नाव पुकारावं. कोनतंबी."

साहेबांनी अर्ज परत ओढून स्वतः पानं उलटली आणि बोट ठेवलं. पुकारा झाला, "गिरजाबाई."

म्हातारी पदर घट्ट धरून पुढं आली. अंगठा माझाच म्हणाली. कागदात काय आहे विचारलं, तर सगळं सांगितलं. चार वर्ग मराठीत, मग उर्दू. आणि विचारलं नव्हतं तेही सांगितलं. "माझा नातू हितं मामाकडं ऱ्हातो, साळंसाठी. जुम्म्याच्या सुटीला येतो. साळंतलं म्हनून दावतो मला. मी नुसती मान हालवते, सायब. त्यो इचारतो, आजे, कळालं का? आन् त्यालाबी कळलेलं नसतंय. आमी दोगंबी माना हालवतो."

साहेब तिच्याकडं बघत राहिले. पण सरिश्तेदार जुनं खोड. "हुजूर, पढवलेला धडा आहे," तो म्हणाला. "काय गं, किती वेळा वाचून दाखवलं तुला?"

"चार येळा."

"बघा! चार वेळा घोकून घेतलंय. कळलं असतं तर एकदा पुरलं असतं."

 म्हातारीनं त्र्यंबकरावांकडं बघितलं, मग जमिनीकडं. मला वाटलं, संपलं.

"पयल्याच दिशी कळालतं," ती हळू म्हणाली.

"मग चार वेळा कशाला?"

"कळालं म्हनले आसते तर अंगठा घिऊन लगीच उठला आस्ता त्यो मानूस. बायकू गेल्यापून त्याची चूल पेटंना, गावाला म्हाईत हाय. सांच्याला फुटाने खाऊन निजतंय. तसं बोलावलं तर येत न्हाई, लई मानी हाय. कागद वाचायचा आसला की येतंय. म्हून मी कळालं म्हनलेच न्हाई."

 त्र्यंबकराव खाली बघून शेरवानीचं एक बटण चाचपत होते, ते लावलेलंच होतं. साहेबांनी बाजाराचे ताव उसवून माझ्याकडं परत केले, आणि खालच्या एकतिसांवर चार ओळी लिहून सही केली. (पुढं सहा-सात महिन्यांनी हैदराबादेहून हुकूम आला: दोन वर्ग मराठीत चालवावेत. मागितले चार, दिले दोन! त्याबद्दल मी स्वतंत्र पत्रक काढलं आहे, आणि त्यात 'पाशवी' आहे.)

परतताना आम्ही दोघंच होतो. माझी मान खाली, पण जीभ कुठली गप्प बसते? म्हटलं, "काका, म्हातारीनं चारचौघांत तुमचं असं सांगायला नको होतं."

त्यांनी बोरू कानावर नीट खोचला. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळालं होतं तिला. मला काय दिसलं न्हाई? बावीस वर्षं मानसांची तोंडं बघितली मी."

मी रस्त्यातच थांबलो. "तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला तीन दिवस उन्हात माशा मारायला लावल्यात? कशासाठी?"

"तिची दोन्ही लेकं दिवाळीपासून मेंढरं घेऊन बाहेर. आख्ख्या माळावर बोलायला शेळ्या," ते चालता चालताच म्हणाले. "उद्या या, म्हनाली की ती. कोन म्हनतंय बे तिला उद्या येतो म्हनून?"