बहात्तरवर ये!

"बाबा, शनिवारच्या नाचाला जाऊ का? ओव्हर."

प्रश्न साधा होता. पण बाबा होडी घेऊन समुद्रात होते, आणि नोएलियानं तो स्वयंपाकघरातल्या वायरलेसवर, सोळा नंबरच्या चॅनेलवर विचारला. चिलोए बेटाच्या त्या टोकाची एकूण एक होडी तिथं कान लावून असते. पैज वर्गातल्या यानिराची. "सगळ्यांदेखत विचार. चारचौघांत तुझा बाप ओरडणार नाही. आहे हिंमत?" हिंमत नोएलियाला नुकतीच आली होती, त्यामुळे वापरून बघायची भारी हौस होती.

वायरलेस खरखरला. मग बंदराच्या पहाऱ्यावरचा आवाज आला, "सोळा नंबर हाक मारायला आणि संकटासाठी आहे. नाचाचं दुसरीकडे बघा."

"पोरी, बहात्तरवर ये!" बाबांचा, म्हणजे एरिबेर्तोचा, घाईचा आवाज.

ती बहात्तरवर गेली. तिथं बाबा होते. आणि मच्छीमार होड्यांचा अख्खा ताफाही होता. कुणी कुणाला दुसऱ्या चॅनेलवर बोलावलं, की बाकीच्यांनीही मुकाट तोच नंबर लावायचा, हा या किनाऱ्याचा धर्मच. समुद्रात मोबाइल मुका, एफएमवर तीच ती गाणी. करमणुकीला उरतं काय, तर दुसऱ्याचं घर.

"जाऊ दे की रे पोरीला, एरिबेर्तो!"

"कोण ते? तुम्ही इथं काय करताय?"

"आम्ही? आम्ही नाहीच इथं."

"पोरी, आठवर ये!" आठवरही तोच ताफा. मग सहा, मग दहा. शेवटी कोण कुठं आहे हेच कुणाला कळेना. दहावर एक जण विचारत होता, "एरिबेर्तो गेला कुठं?" दुसरा म्हणाला, "मीही त्यालाच शोधतोय." इतक्यात खरखरीतून शब्द आले, "हो पोरी, जा, जा!"

नोएलियानं उडीच मारली. "आई! बाबा हो म्हणाले!"

"हा दुसऱ्या होडीवरच्या बाल्दोमेरोचा आवाज," बटाटे किसता किसता सुनिल्दा म्हणाली. "तुझे बाबा इतक्या पटकन हो म्हणतात होय?" तिनं हात पुसले आणि परत बहात्तर लावलं. "वाट चुकला की हा माणूस पहिल्या जागी येऊन उभा राहतो."

आणि खरंच, बाबा तिथं होते.

"सुनिल्दा, इथं कुणी नाही ना गं?"

"कुणी बोलत तरी नाहीये."

"अगं, पोरीला नाही म्हणायचं नाहीये मला. पण ती गेली की आपल्यालाही जावं लागणार. मग लोक मला तुझ्यासमोर जोडीनं कुएका नाचायला ओढणार, आणि मला तो येत नाही. आपल्या लग्नात गुडघा दुखतोय म्हणालो होतो ना? गुडघा ठणठणीत होता."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळा ताफा. त्यातच पहाऱ्यावरचा आवाज म्हणाला, "माफ करा हं, मला आवरेना."

संध्याकाळी धक्क्यापासून घरापर्यंत भेटेल तो गुडघ्याची चौकशी करत होता. बाबा आत आले आणि गमबुटांसकट खुर्चीत बसले. "नाचाला कुणी जायचं नाही. विषय संपला."

"इतकी वर्षं त्या गुडघ्याला मी तेल चोळलं!" आई म्हणाली. ती हसतेय की रडतेय, नोएलियाला कळेना. बाबांनाही कळत नसावं. ते जमिनीकडे बघत होते.

नोएलियानं एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघितलं. मग टेबल सरकवत सरकवत थेट भिंतीला नेऊन लावलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "शनिवारी आपण तिघंही जातोय. आजपासून रोज जेवणाआधी बाबांची शिकवणी. आई, तू समोर उभी राहा. बाबा, बूट काढा."