एका पायाचा तरंग

"तुम्हाला सांगून उपयोग नाही," जयवंत परब म्हणाले. "कोणाचाच विश्वास बसणार नाही."

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या आणि बाकावर मांडी घातली, म्हणजे सांगणार हे पक्कं झालं. दिंडोशीच्या सोसायटीतल्या त्या बाकावर तिघं ऐकायला होते. शाळेपासूनचे मित्र बाळ कुबल, सोसायटीचा सेक्रेटरी सुयोग, आणि दिंडोशी कोर्टात साक्षी टिपून घेणारे प्रबुद्ध जाधव. सुयोगच्या हातात नव्या वर्षाचं सोसायटीचं कॅलेंडर होतं. त्यावरच्या फोटोत त्रेचाळीस सभासद नखानखापर्यंत स्वच्छ दिसत होते, आणि विषय त्यावरूनच निघाला होता.

"काका, फोटो खरंच तुम्ही काढलात ना?" सुयोगने विचारलं. "तसं असेल तर पुढच्या वर्षीही तुम्हीच. नाहीतर कमिटी म्हणते, सिद्धेश मोबाईलवर काढतो, त्याला देऊया."

सतरा वर्षं सोसायटीच्या कॅलेंडरचा फोटो जयवंतराव काढत होते. पण रिटायर झाल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवर सुयोगला दोन नाकं आली. सभासद पंच्याऐंशीच्या आसपास भरत होते. तो अपमान जयवंतरावांनी वर्षभर रोज भिंतीवर बघितला होता.

"खरंच म्हणजे काय," ते म्हणाले. "त्यासाठी अंधेरीला जाऊन काठी निवडली मी. दुकानातल्या विशालने आधी तीन पायांचा स्टँड दाखवला. म्हटलं, आमच्याकडे दोन गाड्यांच्या मधे उभं राहून फोटो काढतात, तिथे तीन पाय पसरले तर माणसं कुठे जातील? मग त्याने एका पायाची काढली. मोनोपॉड. एक पिळून लांब होणारी, एक खटक्याची. पिळायची घेतली तर माझा हात थरथरून ती आपोआप सुटणार. म्हटलं, खटक्याची दे. डोळ्यापर्यंत येते का बघितलं, खालचं रबर दाबून बघितलं, कॅमेऱ्याचं वजन पेलते का बघितलं. सव्वा तास."

"भाजीवाल्याकडे पण एवढाच वेळ घेतोस तू," बाळ म्हणाले.

"शेवटी विचारलं, ही एकटी उभी राहते का रे? तर म्हणतो, काका, हिला माणूस लागतो. तुमचे दोन पाय आणि हिचा एक, मिळून तीन. हात सुटला की ही आडवी."

प्रबुद्ध जाधवांनी मान हलवली. सवयीने त्यांची बोटं गुडघ्यावर काहीतरी टिपत होती.

घरी सराव सुरू झाला. काठीमुळे फोटोत फरक पडला, पण भिंतीवरच्या दोन काट्यांच्या घड्याळाला अजून तीन काटे येत होते. त्यांच्या बायकोने, मालनवहिनींनी, एकदा सहज काठी धरून बघितली, तर ती जमिनीत पुरल्यासारखी उभी राहिली. ही गोष्ट जयवंतरावांनी बाकावर सांगितली नाही. सांगण्याजोगी त्यांना वाटली नाही.

शेजारची इमारत पाडायचं काम चालू होतं, घरभर धूळ. म्हणून वहिनींनी कॅमेऱ्यासकट काठीला जुनं लाल लुगडं गुंडाळलं. कॅमेऱ्याचं झाकण हरवलं होतं, तर भिंगावर पितळेची वाटी उलटी बसवून रबर लावलं, आणि सगळं देवघराच्या बाजूला कोपऱ्यात टेकवून ठेवलं. उन्हाची तिरीप नेमकी वाटीवर पडत होती, आणि नेमक्या त्याच वेळी कुंदाकाकी विरजण मागायला आल्या.

कुंदाकाकी परबांच्याच गावच्या. वय ऐंशीला टेकलेलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. गावी दसऱ्याला देवाचा तरंग निघतो. उंच काठी, तिला गुंडाळलेली लुगडी, वर पितळी मुखवटा. तो धरणाऱ्याच्या अंगात अवसार येतो, म्हणजे देव येतो, तो थरथरायला लागतो, आणि मग तो सांगेल ते गावाने निमूट ऐकायचं. काकींनी कोपऱ्यात बघितलं आणि विरजणाचा पेला खाली ठेवला.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं, "इतक्या लांब लेकरांच्या घराक इलंस. जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा."

आंघोळ करून पंचा गुंडाळत जयवंतराव बाहेर येत होते. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला, आणि लहानपणापासूनच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

"तिथेच वाट लागली," ते बाकावर म्हणाले. "एकदा होकार भरल्यावर तो तरंग नाही हे सांगायचं कोणत्या तोंडाने?"

"जयवंता, गावचो तरंग हाडलंस आणि माका सांगूक नाय?" एवढंच काकी म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत कोकणातली नऊ घरं येऊन गेली. अकरा नारळ जमले. एका बाईने मुलाच्या नोकरीचं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कांजूरमार्गला नोकरी लागली.

"दुसऱ्याच दिवशी?" बाळ म्हणाले. "तो तर त्याच्या महिनाभर आधीपासूनच जात होता कामाला."

"तू मधे बोलू नको रे."

रविवारी सकाळी सगळे खाली जमले. काठी आणायला जयवंतराव वर गेले, तर दारात कुंदाकाकी. लुगडं सोडू देईनात. म्हणाल्या, देव असोच खाली येंव दे. तेव्हा लाल लुगडं, पितळी वाटी अशी ती मिरवणूक जिना उतरली. दोन गाड्यांच्या मधे जयवंतरावांनी काठी टेकली, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. हातामुळे काठी, काठीमुळे वाटी.

"अवसार इलो," काकी हळूच म्हणाल्या.

नऊ घरांनी हात जोडून डोळे मिटले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही तेच केलं. सगळे आज्ञेची वाट बघत राहिले. जयवंतरावांना काहीतरी बोलणं भाग होतं. गेली सतरा वर्षं ते कॅलेंडरच्या दिवशी घसा फोडून जे सांगायचे, तेच त्यांनी देवाच्या आवाजात सांगितलं.

"कोणी हलूचा नाय."

"आणि कोणी हललं नाही," ते बाकावर म्हणाले. "माणसं तर नाहीच, पण गाडीखालचं कुत्रं खाजवता खाजवता पाय वर धरून थांबलं. तिसऱ्या मजल्यावरून कोणाचा टॉवेल पडत होता, तो मधेच राहिला."

"टॉवेल माझा होता," सुयोग म्हणाला. "तो सरळ खाली आला."

"फोटो झाल्यावर आला. तर मी वाटी काढली, काठी दोन्ही पायांच्या मधे रोवली, श्वास धरला आणि बटण दाबलं. बघा त्या कॅलेंडरमध्ये. सुयोगला नाक एकच आहे."

सुयोगने खिशातून पेन काढलं. पुढच्या वर्षीच्या फोटोसमोर नाव लिहायचं होतं. प्रबुद्ध त्या रविवारी कराडला गेले होते, त्यांनी फोटो नीट बघितला नव्हता. त्यांनी कॅलेंडर मागून घेतलं, चष्मा वर केला आणि कोर्टात वकील कागद पुढे करतात तसं ते जयवंतरावांच्या पुढे धरलं.

"ही काठी एकटी उभी राहत नाही, असं तुम्ही मगाशी सांगितलंत."

"सांगितलं. हात सुटला की आडवी."

"मग दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरे, हात जोडून डोळे मिटलेले, हे कोण?"

जयवंतरावांनी फोटोकडे बघितलं. मग आकाशाकडे बघितलं.

"अवसारात," ते म्हणाले, "माणूस एका वेळी दोन ठिकाणी दिसतो."

"दिसत असेल," प्रबुद्ध म्हणाले. "पण मालनवहिनी एकाही ठिकाणी दिसत नाहीत."