नदीपलीकडचा रेकॉर्डप्लेअर

"तोमिएबाईंना यंदा शेवटची संधी," मंडळाचे अध्यक्ष कुसाकाबे भर बैठकीत म्हणाले. "पाय रेंगाळले, तर पुढच्या वर्षी रिंगणाच्या पुढे दुसरं कुणीतरी. वर मनोऱ्यावर ढोल धरून मी किती वाट बघायची?"

ओबोनला पितर घरी येतात आणि त्यांच्यासाठी सगळं गाव रिंगण धरून नाचतं. तोमिएबाई लग्न होऊन आल्यापासून त्या रिंगणाच्या पुढे. घरी आल्या त्या धुमसतच.

"मेल्याला ढोलाची काठी धरायला मी शिकवलं!"

"मग दाखव की नाचून," नवरा गेंझो पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

झालं! बाईंनी फुजी नदीचा पूल ओलांडला, पलीकडच्या बहिणीचा रेकॉर्डप्लेअर उचलून आणला आणि घरातच सराव मांडला. सुई टेकली आणि गाणं जे सुटलं ते सुटलंच. बाईंचा हात दुसऱ्या ओळीवर, तर गाणारीण तिसरीवर.

"हिला कुठं जायची घाई झालीय?" गेंझोने विचारलं.

"तिला कसली घाई! तिचा आवाज बघा किती कोवळा येतोय. म्हातारी मीच झालेय." बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुसाकाबे बोलला ते खरंच निघालं म्हणायचं.

पण रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हेत. सकाळी भात शिजत टाकला की नाच, दुपारी जवाचा गार चहा ढोसला की नाच. गेंझोला जेवण उशिरा मिळू लागलं, पण बोलायची प्राज्ञा नव्हती. सणाच्या आदल्या दिवशी बाईंनी गाण्याला गाठलंच.

सणाच्या संध्याकाळी मैदानात मंडळाच्या रेकॉर्डप्लेअरवर तेच गाणं लागलं, पण रेंगाळत. तोमिएबाईंना वाटलं, आज गाणारणीला बरं नाही वाटतं. पण पाय थांबतात कुठले! मागच्या बायका बाईंचे हात बघून नाचणाऱ्या, त्याही सुटल्या. गाणं मागे, रिंगण पुढे, आणि मधे कुसाकाबेंचा ढोल.

"अहो, ढोल मागं पडतोय!" खालून बायका ओरडल्या.

कुसाकाबेंनी वेग वाढवला. डोक्याला बांधलेला टॉवेल गळून पडला. मग एक काठी उडाली ती थेट आइस्क्रीमच्या गाडीवर. शेवटी दोघांनी धरून त्यांना मनोऱ्यावरून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी कालच्या घोळाचा छडा लावायला अख्खं रिंगण बाईंच्या घरी जमलं. विजेच्या दुकानाचे ओनुकी रेकॉर्डप्लेअर उलटा करून बघू लागले. "अहो तोमिएबाई, हा पलीकडचा ना? तिकडची वीज पन्नास हर्ट्झची, आपली साठची. तिकडची मोटर इकडे जोरात पळते. देश एक, पण नदी ओलांडली की वीज वेगळी!"

"म्हणजे मी म्हातारी झालेली नाही?"

"तुम्ही? अहो, गाणंच पळत होतं!"

बाई खळखळून हसल्या. कुसाकाबे दुखऱ्या दंडाला औषधी पट्ट्या चिकटवून कोपऱ्यात बसले होते. त्यांना धीर आला. "मग हे यंत्र आजच्या आज पलीकडं पाठवा."

"पाठवा काय!" दारातल्या बायका एकदम म्हणाल्या. "इतकी मजा कधी आली नव्हती. पुढच्या वर्षी मैदानात हेच लावायचं."

कुसाकाबेंनी सगळ्यांकडे पाहिलं, मग दंडाकडे. त्यांनी ढोलाच्या काठ्या आणवल्या आणि गेंझोच्या हातात ठेवल्या.

गेंझोने पेपर खाली ठेवला. "अगं," तो बायकोला हळूच म्हणाला, "जरा बेतानं नाचशील ना?"

"बघू," तोमिएबाई म्हणाल्या.