चिंबाबाईसाहेबांचे पोटीं वाढल्या वंशाची हकीकत

श्रीसागर प्रसन्न. भरतीशके चार हजार सातशें बारा, क्षारनाम संवत्सरीं, ओहोटीचे खडकावरील दौलतीचा मजकूर जैसा डोळां देखिला तैसा लिहिला. लिहिणार कोण म्हणाल, तर खडकास चिकटलेली एक क्षुद्र जात. जन्मतां कपाळीं दोन शिंगें घेऊन पोहतों, आणि मग डोकें खडकास चिकटवितों, भोंवतीं चुन्याचा कोट बांधितों, आणि मरेपर्यंत पाय बाहेर काढून अन्न ओढितों. हलणें नाहीं, पळणें नाहीं. पाहणें मात्र नशिबीं आलें.

दौलत थोर. जवळ्याची फौज लाखोंनीं, परक्याचे शंखांत बिऱ्हाड करणारे मानकरी, वाळूंत उड्या मारणारे जासूद, आणि नजरेस न येणारी बारीक रयत, जिच्यावर अवघ्या समुद्राचें पोट चालतें. सर्वांवर खेकड्यांची राणी चिंबाबाईसाहेब. सर्व होतें, परंतु पोटीं वंश नव्हता. मग वंशाचे आशेनें, खेकड्यांचे रीतीप्रमाणें, बाईसाहेबांनीं जुनें कवच टाकिलें, आणि नवें अंग लोण्यासारखें मऊ जाहलें, आणि यजमान कुर्लोजीराव नांग्या उगारून पहाऱ्यास उभे राहिले. मोठा गनीम येता तर फाडिला असता. आला तो पिठाच्या कणाएवढा, आणि चाल आमचेच कुळाची. आम्हांस वाटलें, भाऊबंद जागा शोधितो, म्हणोन आम्हींच हाक दिली, "ये बाबा, इकडे जागा आहे!" जळो ती जीभ! तो आला, आम्हांस ओलांडून गेला, आणि आपलें कवच, पाय, सर्व बाहेर टाकून थेंबभर देहानें बाईसाहेबांचे पायाचे मऊ सांध्यांत शिरला. मग आंत मुळ्या पसरिल्या. खावें बाईसाहेबांनीं आणि पुष्ट व्हावें त्यानें, ऐसें चाललें.

कांहीं मासांनीं, जेथें अंडीं धरावयाचीं तेथेंच, पोटाखालीं पिवळी थैली आली. दौलतींत आनंदीआनंद जाहला. बाईसाहेब दिवसभर थैली साफ करीत आणि तीस पाण्याचा वारा घालीत. आम्हीं ओरडून अर्ज केला, "बाईसाहेब, हा वंश आपला नव्हे! हा गनीम आमचे जातीचा!" त्या रागें भरल्या. "तुम्ही जन्मभर डोकें खालीं, पाय वर! तुम्हांस लेंकराची माया काय ठावी?" मग दिवस भरले आणि बाईसाहेब आमचेच खडकावर चढल्या, आणि अंग डोलवून पोरें पाण्यांत सोडूं लागल्या. "सुखी असा रे, माझ्या राजांनो," म्हणोन एकेकास आशीर्वाद देत होत्या. हजारों पोरें आमचे तोंडावरून गेलीं. हरएकाचे कपाळीं दोन शिंगें. हाय हाय, तो दिवस कां पाहिला!

पोरें धुळीएवढीं, बाईसाहेबांस कांहीं दिसेना. आम्हांस पुसों लागल्या, "काय हो, कोणावर गेलीं?"

आम्हीं म्हटलें, "आपणांवरच, बाईसाहेब."

एवंच, दौलत बुडाली. गनिमाच्या मुळ्या आंत असेतों बाईसाहेबांस आतां कवच टाकणें नाहीं, लेंकरूं होणें नाहीं. पोरें शिरावयास दुसऱ्या खेकड्यांचें मऊ अंग शोधीत दौलतींत फिरताहेत. थैली पुन्हा भरों लागली आहे आणि बाईसाहेब वारा घालीत आहेत. देखिलें तितुकें लिहिलें, लेखणी ठेविली.