कुत्रा धरा!

खानविलकरांकडे जायचं तर बेल वाजवायची नाही. जिन्यात उभं राहून ओरडायचं, "कुत्रा धरा!" मग आतून आवाज येतो, "धरला! या!" खानविलकरांकडे कुत्रा नाही. सौदीतल्या जुबैलमधल्या आमच्या इमारतीत मांजरसुद्धा पाळू देत नाहीत.

"बट अंकल, देअर इज नो डॉग," माझी मुलगी एकदा म्हणाली.

"मंगोलियात असतो," खानविलकर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. बांगलादेशी वॉचमन मात्र कित्येक दिवस काठी घेऊन मजल्यामजल्यावर कुत्रा शोधत होता.

हे गृहस्थ चिपळूणचे, इथल्या एका प्लांटवर क्रेन सुपरवायझर. मुलगा निखिल गावी आईजवळ वाढला. वर्षाकाठी एक महिना रजा, त्यात अर्धे दिवस पाहुण्यांचे. बाप म्हणजे चॉकलेटं आणणारा कुणीतरी, एवढीच त्या पोराची समजूत. पुढे तो मित्रांबरोबर मंगोलियातल्या गोबीच्या वाळवंटातून जीपनं जायला निघाला, ऐन वेळी एक मित्र गळाला, जागा रिकामी राहिली, म्हणून बापाला नेलं. हे मी म्हणतो. खानविलकर म्हणतात, "निखिलनं मला गोबी दाखवलं."

तेव्हापासून माणूस पार मंगोल झाला. त्यांच्या उंबरठ्यावर पाय पडला की परत बाहेर जाऊन नव्यानं आत यायचं. कप उजव्या हातानं घ्यायचा. आणि कपात काय, तर मीठ घातलेला चहा! पहिला घोट घेतला तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याच्या डब्यांची अदलाबदल झाली.

"मुकाट्यानं प्या," खानविलकर म्हणाले. "आमची जीप रेतीत फसली होती. जवळच्या तंबूतल्या म्हातारीनं नाव-गाव न विचारता हाच चहा पुढे केला. निखिल तर वाटीवर वाटी पीत होता. रात्रभर बोलत बसलो आम्ही दोघं."

सुटीच्या दिवशी ते मला वाळवंटात नेतात आणि तिथं पोचलं की त्या वाळवंटाचा अपमान करतात. "हे कसलं वाळवंट? हा बांधकामाचा माल!" मग दगडांचा ढीग रचून त्याभोवती गाडी फिरवतात. तसं केलं की प्रवास सुखरूप होतो म्हणे. एकदा पोलिसांची गाडी आली. खानविलकर त्यांना मोडक्यातोडक्या अरबीत मंगोलिया समजावू लागले. मी गपचूप इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, काढून हातात धरला.

पण सगळ्यात मोठं वेड दाराचं. त्या दाराला कुलूप लावायचं नाही, कडी घालायची नाही. टेबलावर खाऱ्या चहाचा थर्मास भरलेला. तिकडचे धनगर म्हणे घर उघडं ठेवूनच जनावरांमागे जातात. वाटसरू येतो, चहा पितो, जातो.

"अहो, इथं कुठला वाटसरू येणार?" मी चिडून विचारलं.

"निखिल आला आणि मी ड्यूटीवर असलो तर?"

निखिल रियाधला नोकरीला. गाडीनं चार-पाच तासांचा रस्ता. बायको वारल्यावर खानविलकरांना दुसरं कुणी नाही. दोन वर्षांत हा पठ्ठ्या एकदाही फिरकला नव्हता. दर शुक्रवारी फोनवर, "बाबा, बिझी आहे." रोज तो थर्मास भरला जायचा आणि रोज मोरीत ओतला जायचा. मला तो आवाज ऐकवत नसे.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे बसलो असताना बेल वाजली. उघड्या दाराची बेल वाजवत निखिल उभा होता. उंबरठ्यावरच बुटाचा पाय ठेवून. पाहुण्याला का आलास ते विचारायचं नसतं, म्हणून खानविलकरांनी मंगोल रीतीप्रमाणे विचारलं, "वाटेत त्रास नाही ना झाला? गाडी बरी आहे?"

"बाबा, कॅनडाचं काम झालं. पुढच्या आठवड्यात निघतोय. म्हटलं, सांगून जावं."

खानविलकरांनी उजव्या हातानं कप पुढे केला. निखिलनं मोबाइल बघत एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शी! बाबा, साखरेऐवजी मीठ पडलंय यात."

मी खानविलकरांकडे पाहिलं. माझ्यासारख्याला मिठाच्या चहावर तासतासभर ऐकवणारा हा माणूस.

"हो का? पडलं असेल चुकून," ते म्हणाले. "वय झालं आता." आणि साखरेचा चहा करायला आत गेले. तो होईपर्यंत निखिल तीनदा घड्याळ बघून झाला.

निखिल निघाला तेव्हा खानविलकर वाटीत दूध आणि पळी घेऊन खाली आले. निघालेल्या माणसामागे त्या म्हातारीनं असंच दूध शिंपडलं होतं, जाणारा सुखरूप पोचावा म्हणून. गाडी हलली. त्यांनी पळीनं दूध उडवलं, ते मागच्या काचेवर पडलं. लगेच मागचा वायपर फिरला, काच स्वच्छ झाली आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

त्या पोराला ओढून बाहेर काढावं आणि दोन ठेवून द्याव्यात असं मला वाटलं.

"मागचा वायपरसुद्धा चालू आहे," खानविलकर म्हणाले. "गाडी नीट ठेवतो हं तो."

आम्ही वर आलो. मला "या उद्या" म्हणून ते आत गेले. आतून कडी घातल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.