कंट्रोलर अप्पा आणि सरकारी विमान

देशाची पत त्याच्या विमानांवरून ठरते, असं आमच्या गल्लीतले कंट्रोलर अप्पा ठामपणे सांगतात. सांगताना ते गच्चीवर उभे असतात, खांद्यावरचा टॉवेल हातात असतो आणि नजर आभाळात. दुपारचं सरकारी विमान नांदेडला उतरण्यासाठी खाली येऊ लागलं, की अप्पा टॉवेल दोनदा हलवतात. मग विमान उतरतं. टॉवेल न हलवता ते उतरतं का, हे कुणी पाहिलेलं नाही, कारण अप्पांनी कधी खाडा केलेला नाही. स्वतः अप्पा मात्र ही हकीकत घडेपर्यंत विमानात एकदाही बसलेले नव्हते.

त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली. आधी लातूर, मग नांदेड. निवृत्त झाले तेव्हा ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्थानकावरच्या खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल हे भोंग्यातून सांगणारे गृहस्थ. खिडकी सुटली, भोंगा सुटला, सवय सुटली नाही. त्यांच्याकडे जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी घोषणा होते, "वरण निघालेलं हाय. भाकरी लागून राहिली. पाहुण्यांनी जागा सोडू नये." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी मथुराबाई, खरोखरच वरण घेऊन निघालेल्या असतात. त्यांनी या आवाजाकडे लक्ष देणं फार वर्षांपूर्वी सोडलं आहे, पण वेळ चुकवलेली नाही.

अप्पांचा भरवसा फक्त सरकारी वाहनावर. "खासगीवाला गाडी भरंल तवा निघतो," ते सांगतात. "सरकारी गाडी रिकामी बी निघती. ह्याला म्हणतेत इज्जत." रिकामी निघते म्हणूनच ती तोट्यात जाते, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे शिकलेल्या माणसाकडे बघावं तसं, म्हणजे कीव करत पाहिलं.

अशा माणसाच्या हयातीत राष्ट्रीय विमान कंपनी दिवाळखोरीच्या दारात येऊन उभी राहिली. आज विकणार, उद्या बंद पडणार, परवा विमानं जमिनीवरच राहणार, अशा बातम्या रोज छापून येऊ लागल्या. एरवी आम्हा गल्लीकरांची त्यात करमणूकच झाली असती. पण अप्पांच्या मुलाला, शैलेशला, दिल्लीत मुलगी झाली होती. पहिली नात. बारसं दिल्लीतच होतं आणि त्यासाठी शैलेशने आईवडिलांची तिकिटं काढली होती. बापाचा स्वभाव ओळखून सरकारी विमानाचीच.

काकूंचा भाऊ मन्मथ लातूरला आडत चालवतो. त्याचा फोन आला. अप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे तो गल्लीलाच आला.

"दाजी, तुमची कंपनी बसली म्हणं. विमानं भंगारात निघाली की एखादी खुर्ची आणून ठिवा ओट्यावर."

"तुमच्या लातुरात तर ते भंगारबी उतरंना."

"आम्हाला कशाला लागतंय? आम्ही रेल्वेनं जातोव."

"ती बी सरकारीच हाय," म्हणून अप्पांनी फोन ठेवला.

जोशी बाईंची गोष्ट वेगळी होती. त्या शाळेत शिकवतात, पलीकडच्या घरात राहतात, आणि दिल्लीतल्या भाचीच्या लग्नासाठी त्याच दिवसाचं, त्याच विमानाचं तिकीट काढून बसल्या होत्या. त्या रोज वर्तमानपत्र घेऊन यायच्या.

"अप्पा, पायलट संपावर जाणार आहेत म्हणे. मी रद्द करू का तिकीट?"

"बाई, कामून फिकर करून राहिल्या? एसटी रस्त्यात बंद पडली तर कंडक्टर काय करतो? मागच्या गाडीला हात करतो आन् त्याच तिकिटावर समद्यांना बसवून देतो. सरकारी तिकीट वाया जात नसतंय."

"आणि विमान वरच बंद पडलं तर?"

अप्पांनी काकूंना पाणी आणायला सांगितलं.

तरी बाईंनी तिकीट ठेवलं. देवळात भेटणाऱ्या आणखी काही जणांनीही ठेवलं. का, तर कंट्रोलर अप्पांनी जबान दिली आहे. एका देशाची विमान कंपनी आमच्या भागात त्या दिवसांत एका निवृत्त माणसाच्या शब्दावर चालली होती, हे दिल्लीला बहुधा माहीत नसावं.

प्रवासाच्या दिवशी मी त्यांना सोडायला गेलो. काकूंनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि नातीसाठी शिवलेली कुंची घेतली होती. अप्पा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. विमानाची वेळ आली आणि गेली. नंतर एक तरुण अधिकारी बाहेर येऊन म्हणाला, की काही तांत्रिक आणि काही इतर अडचणींमुळे विमान आज येईल की नाही, सांगता येत नाही.

सगळे अधिकाऱ्याकडे न बघता अप्पांकडे बघू लागले.

अप्पा पुढे झाले. "मागची गाडी किती वाजता हाय?"

"कसली गाडी, काका?"

"मागचं विमान हो."

"मागचं नाही. एकच आहे."

"मग दुसऱ्या कंपनीला हात करा. ह्याच तिकिटावर बसवून द्या. सही लागत असंल तर मी करतो."

अधिकारी भला होता. तो हसला नाही. एवढंच म्हणाला, की विमानांत तसं नसतं.

जोशी बाईंचे डोळे भरले होते. लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं, बारसं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्यांच्या नादी लागून बसलो." अप्पांनी ते ऐकलं. टॉवेल झटकला, फोन काढला आणि डेपोला लावला. तिथला सध्याचा कंट्रोलर म्हणजे शिरूर अनंतपाळ गावचा, अप्पांच्या हाताखाली तयार झालेला. "हैदराबाद गाडी लागली का? रिकामी किती हाय? मग तिला विमानतळावरून घे. हाव, विमानतळावरून. माणसं माझी हायत."

लाल बस विमानतळाच्या फाटकाशी आली, तेव्हा पहाऱ्यावरच्या जवानालाही काय करावं ते सुचेना. हैदराबादहून सकाळी दिल्लीचं विमान मिळत होतं. अप्पा दाराशी उभे राहून एकेकाला नावाने चढवत होते. मध्येच त्यांनी कंडक्टरला हळूच विचारलं, की विमानाचंच तिकीट चालंल का, दोन्ही सरकारीच हायत. कंडक्टरने त्यांच्या वयाचा मान ठेवून एसटीची तिकिटं काढायला घेतली.

शेवटची एक जागा उरली, तेव्हा खाली अप्पा आणि एक म्हातारे सरदारजी एवढेच राहिले होते. अप्पांनी त्यांना वर ढकललं.

"अन् तुम्ही?" काकू खिडकीतून म्हणाल्या.

"समदा फलाट रिकामा झाल्याबिगर कंट्रोलर हलत नसतो. बाई हायत तुझ्यासंगं. मी मागून येतो."

"कशानं?"

बस सुटली. फाटकाशी अप्पा मान ताठ करून उभे होते, आणि माझ्यासारख्या शंकेखोर माणसालाही त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, हे नमूद केलं पाहिजे.

आम्ही रिक्षा बघत होतो, तेवढ्यात विमान आलं.

अप्पांनी काकूंना फोन लावला. "विमान आलंय. बसू का?"

"बसा की. मी काय आता एसटीतून उडी मारू?"

अशा रीतीने नांदेडहून त्या दिवशी चढलेले एकमेव प्रवासी संध्याकाळी दिल्लीत उतरले. पुढचं मला शैलेशने फोनवर सांगितलं. तो गाडी घेऊन आला, तर अप्पा बाहेरच्या बाकावर बसलेले. उठायला तयार नाहीत.

"तुझी आई आल्याबिगर घरी यीणार न्हाई."

"बाबा, ती उद्या सकाळी येणार आहे."

"यीऊ दे. तू झालास तवा मी दिवाळीच्या जादा गाड्या सोडून राहिलो होतो. तिनं तुला एकटीनं बघितलं. दात आला तवा बी एकटीनं, चालायला लागलास तवा बी एकटीनं. आता नातीला मी तिच्याआधी बघायचं म्हंजी काय?"

"मग घरी येऊन डोळे मिटून झोपा. बाळ दुसऱ्या खोलीत ठेवतो."

अप्पांनी विचार केला. "आवाज यील की," ते म्हणाले.

शैलेशने त्यांना जवळच्या एका धर्मशाळेत नेऊन ठेवलं. सकाळी काकू जोशी बाईंबरोबर विमानतळाबाहेर आल्या, तेव्हा घ्यायला आलेल्यांच्या रांगेत अप्पा सगळ्यात पुढे उभे होते. काकूंनी विचारलं, "कशी हाय?" अप्पा म्हणाले, "मला काय माहीत?" काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि आपल्या हातातली पिशवी, जी त्या कुणालाही देत नाहीत, त्यांच्या हातात दिली.

दोघं बरोबरच घरात शिरले. सुनेने दारातच ओठांवर बोट ठेवलं. बाळ रात्रभर जागून नुकतंच झोपलं होतं, आणि दुपारपर्यंत त्या खोलीत कुणी जायचं नव्हतं.