चाळिसाची करंडी

एका जंगलात, बाळांनो, एक कोठार होतं. राजाही होता, पण राजे काय, सगळ्याच जंगलांत असतात. कोठार मात्र याच जंगलात होतं आणि ते अनसूयाबाई शेकरू सांभाळत.

कोठारात कंद असत. चोवीस कंदांची एक करंडी, अशा शंभर करंड्या. पावसाळ्याचे चार महिने जंगलातल्या वीस घरांना रोज एकेक कंद मिळे. शेवटच्या दिवशी शेवटचा कंद संपे. अकरा वर्षांत एक कंद इकडचा तिकडे झाला नव्हता. अनसूयाबाईंना याचा भारी अभिमान होता. दुसरा कसला अभिमान बाळगायला त्यांना सवडच नव्हती.

मग कोठारात संगणक आला. कशाला, म्हणून काय विचारता? शेजारच्या जंगलात आला होता, म्हणून. त्याच्यासोबत बगळेसाहेब आले. ते सल्लागार होते. म्हणजे आपण एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांना पळवायचं. त्यांनी संगणकात लिहिलं, करंड्या शंभर. एका करंडीत कंद चोवीस. गुणाकार संगणक करी. इथवर सगळं छान चाललं होतं.

एके दिवशी अस्वलमहाराजांना कळलं की शेजारच्या जंगलात करंडी चाळिसाची असते.

"आणि आपली फक्त चोविसाची?" महाराज लाजेनं लाल झाले. मुळात काळे असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. "उद्यापासून आपलीही चाळिसाची!"

"चालेल, महाराज," अनसूयाबाई म्हणाल्या. "पण आधी जुन्या शंभर करंड्या संगणकातून काढून टाकू. सगळे कंद ओतू, चाळीस चाळीस भरू, आणि मग साठ करंड्या म्हणून परत आत लिहू. दोन दिवसांचं काम आहे."

"दोन दिवस?" बगळेसाहेबांनी पाय बदलला. "अहो बाई, कुठल्या जमान्यात राहता?"

त्यांनी चोचीनं टकटक केलं. चोवीस खोडलं, चाळीस लिहिलं. झालं काम! ओतणं नाही, भरणं नाही.

संगणकानं लगेच गुणाकार केला. शंभर करंड्या, कंद चार हजार.

"अरे वा!" महाराजांना आनंदानं नाचावंसं वाटलं, आणि ते नाचलेही. "कालपर्यंत दोन हजार चारशे होते. बसल्या जागी सोळाशे वाढले!"

बगळेसाहेबांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं.

"महाराज, कंद वाढले नाहीत हो," अनसूयाबाई कळवळून म्हणाल्या. "करंड्या त्याच, आतले कंद तेच. एक तरी करंडी उघडून बघा!"

"तुम्हांला मेलं कुणाचं चांगलं बघवतच नाही," राणीसाहेब फणकारल्या. त्यांच्या माहेरी भाच्याचं बारसं होतं. वाढलेले सोळाशे कंद तिकडे अहेर म्हणून गेले. खरेखुरे, मोजून. बारसं थाटात झालं म्हणतात.

पावसाळा लागला. वीस घरं, रोज वीस कंद. उरलेले आठशे कंद चाळीस दिवस पुरले. एक्केचाळिसाव्या दिवशी सगळी घरं रांगेत उभी, आणि कोठारात नुसत्या रिकाम्या करंड्या. संगणक मात्र अहेराचे आणि वाटलेले कंद चार हजारांतून वजा करून शांतपणे सांगत होता, शिल्लक करंड्या चाळीस, कंद सोळाशे.

"मग सोळाशे कंद गेले कुठे?" महाराज गरजले.

सगळ्यांनी अनसूयाबाईंच्या पोटाकडे पाहिलं. शेकरूचं पोट ते केवढं! पण पाहिलं. रांगेत पहिली उभी होती गंगू साळिंदरीण. तिची तीन पिल्लं भुकेनं रडत होती.

"शोभलं हो तुम्हांला, अनसूयाबाई!" ती म्हणाली.

हे मात्र बाईंच्या फार जिव्हारी लागलं. "गंगू, अगं रोज माझ्याच हातानं तुला कंद दिला ना गं मी?"

"भावना नकोत," बगळेसाहेब म्हणाले. ते मासे खात, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. "आकडे बोला."

"संध्याकाळपर्यंत संगणक आणि कोठार जुळलं पाहिजे," महाराजांनी सुनावलं. "नाहीतर चोर म्हणून जंगलाबाहेर!"

अनसूयाबाई एका कोपऱ्यात जाऊन रडल्या. अकरा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. मग शेपटीनं डोळे पुसून त्या परत आल्या.

"महाराज, एकदाच संगणकाला हात लावू?"

"लावा."

त्यांनी चाळीस खोडलं आणि शून्य लिहिलं. एका करंडीत कंद शून्य. संगणकानं मुकाट्यानं गुणाकार केला. चाळीस करंड्या, कंद शून्य.

"आता कोठारात बघा."

महाराजांनी स्वतः डोकावून पाहिलं. कंद शून्य!

"जुळलं!" महाराज ओरडले. "एका कंदाचाही फरक नाही! चोरी झालेलीच नाही!"

बगळेसाहेबांनीही मान डोलावली. असा तंतोतंत मेळ त्यांनी शेजारच्या जंगलातही पाहिला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. उपाशीपोटी टाळ्या जरा हळूच वाजतात, पण वाजल्या.

अनसूयाबाईंचा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. शाल त्यांनी खुर्चीवरच ठेवली. नारळ तिथल्या तिथे फोडला, त्याचे वीस तुकडे केले आणि रांगेला वाटले. एका घराला एक, मोजून. पहिला तुकडा गंगूला दिला.

तात्पर्य : माल कमी पडला तर बाळांनो, माल आणत बसू नये, माप बदलावं, म्हणजे कुणीच चोर ठरत नाही. मात्र राजाला अधूनमधून कुणाचा तरी सत्कार करायला लावावा. तेवढाच एक नारळ खरा असतो.